धाकट्याचं यंत्र कोणी पुसायचं

मी, खाली सही करणारी, घरात सगळे जिला आई म्हणतात ती, शाळा चौथीपर्यंत, डोकं ठिकाणावर (थोरल्या सूनबाईला शंका असेल तर डॉक्टरांना विचारावं), कोणाच्या सांगण्यावरून नाही, मोठ्या आनंदाने हे माझ्या हाताने लिहून ठेवते. माझ्यामागे हेच खरं धरावं.

१. राहतं घर थोरल्याला. जिन्याची हलती पायरी त्याने आता तरी बसवावी.

२. शिलाई मशीन सूनबाईला. वन्संना माझा चष्मा. धाकटा गेला तेव्हा भेटायला येऊन म्हणाल्या होत्या, "पोरानं पैसे खेळण्यात घातले." आता नीट बघा म्हणावं.

३. ह्यांची पेटी, म्हणजे हातोडी आणि लोखंडावर अक्षरं ठोकायचे शिक्के, धाकट्याच्या मुलीला. संध्याकाळी पेटीत टकटक होते. घाबरू नये. मी तेव्हा दिवा लावते आणि "हो, आहे मी" म्हणते.

४. आता ते खेळणं. धाकट्याचं क्रिप्टो सांभाळणारं यंत्र, बोटाएवढं. कोणाचं वापरलेलं नको म्हणून त्याने बनवणाऱ्यांकडूनच कोरं मागवलं. यंत्राने स्वतःच चोवीस शब्द दाखवले. धाकट्याने त्यांचा फोटो काढला नाही, संगणकात घातले नाहीत. ह्यांचे शिक्के काढून पोलादी पत्र्यावर ठोकले. पत्रा मी धरला होता. "आई, पैसे यंत्रात नाहीत. शब्द ज्याच्याकडे, त्याचे पैसे. यंत्र मोडलं तरी चालेल."

म्हणून शब्द इथे लिहीत नाही, मृत्युपत्र चार जण वाचतात. पत्रा कुठे आहे ते नातीला ठाऊक. पैसे सगळे तिचे. "कंपनीतून बोलतोय, खातं बंद होईल, शब्द सांगा," असा फोन मलाही आला होता. म्हटलं, "माझ्या मुलानं ठोकलेत, त्यालाच विचार. पत्ता देऊ का?" ठेवलान् फोन.

५. यंत्र उघडायचा आकडा फक्त मला आणि नातीला माहीत. थोरल्याने एकदा न विचारता वाढदिवस टाकून पाहिले.

"अगं, लागेल एखादा!"

"मेल्या, चुकत राहिलास तर ते स्वतःला पुसून टाकतं!"

हातातून हिसकावून घेतलं. वर्षभर त्याच्याशी धड बोलले नाही. पैशांसाठी नाही रे. पैसे पत्र्यावरून परत येतात. आकडा बरोबर पडला की काचेवर धाकट्याचं अक्षर येतं, त्याने मुद्दाम घातलेलं: "आलीस का, आई?" ते पत्र्यावर नाही.

रोज उघडते. रोज विचारतो. मी रोज सांगते, आले.

६. माझ्यामागे नातीने स्वतःचं कोरं यंत्र घ्यावं, नवे शब्द नव्या पत्र्यावर ठोकावेत, आधी थोडेसेच पैसे तिकडे पाठवून पाहावेत, मग बाकीचे. सगळं पोचलं की जुनं यंत्र थोरल्याच्या हातात द्यावं. त्याने चुकीचे आकडे टाकत राहावं, पुसलं जाईपर्यंत. हे काम दुसऱ्या कोणी करू नये. तो त्याचा भाऊ आहे.

रिकाम्या घरात त्याला विचारत ठेवू नका. मी पोचलेली असेन.

ठिकाण: खिडकीजवळचं टेबल, राहतं घर.
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तो.

सही: आई

साक्षीदार, ज्यांना यातलं काही मिळणार नाही आणि तरी आले:
१. शेजारची नर्स (सही)
२. कोपऱ्यावरचा घड्याळजी (सही. पेटीची टकटक त्यानेही ऐकली. घड्याळ नाही म्हणाला.)