आपला क्वार्टरबॅक कुठे आहे?

बाबा,

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी रविवारी दुपारी कुणाच्या घरातून अमेरिकन फुटबॉलच्या मॅचचा आवाज आला की मी अजून जागीच थांबते. हा खेळ मला तुम्हीच शिकवलात. पुण्याहून आपण इथे अमेरिकेत आलो तेव्हा मी दहा वर्षांची होते, शाळेत माझ्याशी कुणी बोलत नसे. हॉस्पिटलमधून दमून आलेले तुम्ही मला टीव्हीपुढे शेजारी बसवून सांगायचात, "सगळ्यांकडे बघू नकोस, गोंधळशील. एकट्या क्वार्टरबॅककडे बघ." दर वेळी बॉल आधी त्याच्या हातात येतो, समोरून धिप्पाड माणसं त्याला आडवं करायला धावत असतात आणि बॉल कुणाकडे फेकायचा हे त्यानं दोन-तीन सेकंदांत ठरवायचं असतं. तुम्ही सर्जन. मला वाटतं, तुम्हाला तो आपल्याच जातकुळीतला वाटायचा.

मोठी झाल्यावर मी वाद घालायला लागले. पुढे उभे राहून त्याच्यासाठी मार खाणाऱ्या पाच जणांची नावंसुद्धा कुणाला ठाऊक नसतात, जिंकलं की फोटो याचा, हरलं की शिव्याही यालाच, हे कसलं खूळ, असं मी म्हणायची. तुम्ही चिवड्याचा बकाणा भरून हसायचात. म्हणायचात, खूळ आहेच, पण तो पडला की बाकीच्यांना आपण कुठे पळायचं तेच समजत नाही. २००१ साली आपल्या टीमचा नेहमीचा क्वार्टरबॅक जबर जखमी झाला आणि फारसा कुणाला माहीत नसलेला एक तरुण त्याच्या जागी उभा राहिला. सगळे हळहळत होते. तुम्ही मात्र दुसऱ्याच रविवारी सांगून टाकलंत की हा टिकणार. तो टिकला, आणि पुढची सात वर्षं घरी येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही ते ऐकवलंत.

मग २००८ च्या सीझनच्या पहिल्याच मॅचमध्ये त्याचा गुडघा गेला. तुम्ही पोळ्यांच्या डब्यातलं फडकं पिळून मला दाखवलंत, गुडघ्यात नेमकं काय फाटलं असेल ते. मी तेव्हा वूस्टरला एका फार्मसीत काम करत होते. ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला आलेली माणसंही आठवडाभर त्या एकाच गुडघ्याविषयी बोलत होती. एका माणसाचा गुडघा, आणि अख्खं गाव सुतकात असल्यासारखं.

ऑक्टोबरमधला तो रविवार. मी नेहमीसारखी श्रूजबरीला तुमच्या घरी आले आहे, आई पोहे करते आहे, मॅच सुरू झाली आहे. तुम्ही टीव्हीकडे बघत विचारता, "हा कोण? आपला क्वार्टरबॅक कुठे आहे?" मला वाटतं, चेष्टा करताय. मी गुडघ्याची आठवण करून देते. हो हो, म्हणता. दहा मिनिटांनी तोच प्रश्न, त्याच आवाजात. मी पुन्हा तेच उत्तर देते. तिसऱ्यांदा विचारताना तुम्ही आवाज खाली आणता, हे आपण आधी विचारलंय का याची तुम्हालाच खात्री नसल्यासारखा. मी तोंड उघडायच्या आत आई पोह्यांच्या बश्या घेऊन येते आणि म्हणते, "त्याला बरं नाहीये हो. घ्या, गार होतायत." इतकं सहज म्हणाली ती, की हे पहिल्यांदा घडत नाहीये हे मला त्या सहजपणातून कळलं.

मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. ती घासलेली कढई पुन्हा घासत होती. मार्च-एप्रिलपासून चाललंय, म्हणाली. त्या वर्षी ती हॉस्पिटलच्या गिफ्ट शॉपमध्ये मदतीला जायला लागली होती. आई घराबाहेर पडली म्हणून मी केवढी खूश झाले होते. खरं कारण तेव्हा समजलं. तिला गाडी चालवता येत नव्हती, पण रोज सकाळी तुमच्या शेजारी बसून ती तुम्हाला वळणं सांगत होती. आता डावीकडे, आता सिग्नलनंतर उजवीकडे. तीस वर्षं तुम्ही ज्या रस्त्यानं गेलात, त्याच रस्त्यावर. "आणि ऑपरेशनं?" मी विचारलं. आईनं नळ सोडला.

मंगळवार आणि गुरुवार हे तुमचे ऑपरेशनचे दिवस. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, रजा टाकून मी तुमच्या क्लिनिकमध्ये आले. तुम्ही डबा खात होतात. मी घाबरत घाबरत सांगितलं की एकदा तपासून घेऊ या, तोवर ऑपरेशनं थांबवा. तुम्ही चिडला नाहीत. चिडला असतात तर बरं झालं असतं. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवलेत आणि म्हणालात, "ऑपरेशन माझे हात करतात, बेटा. हात विसरत नाहीत." जूनमध्ये मी रिटायर होणारच आहे, असंही म्हणालात. जूनला आठ महिने होते. तुमचे हात खरोखर स्थिर होते, आणि मला त्यांच्यावर विश्वास ठेवायचा होता.

म्हणून मी गप्प बसले. मंगळवार गेला, गुरुवार गेला. त्या दिवशी तुमच्या टेबलावर कोण झोपलं असेल, त्याच्या घरचे बाहेर कुठे बसले असतील, एवढंच माझ्या डोक्यात. अँब्युलन्सचा सायरन वाजला की मोजत असलेल्या गोळ्या मी पुन्हा पहिल्यापासून मोजायची. पुढचाही मंगळवार गेला, गुरुवार गेला. त्यानंतरच्या सोमवारी एक म्हातारी बाई काउंटरवर आली. तुम्ही तिचं पित्ताशय काढलं होतं. तिच्याकडे दोन चिठ्ठ्या होत्या, दोन्ही तुमच्या अक्षरातल्या, एकाच तारखेच्या, एकाच वेदनाशामक औषधाच्या. एक लिहून दिल्याचं विसरून तुम्ही दुसरी दिली होती. डॉक्टर किती प्रेमळ आहेत, असं ती मला सांगत होती. मी एकच औषध दिलं, दुसरी चिठ्ठी बाजूला ठेवली, तिला गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावलं आणि पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसले. काचा बंद करून तुमच्या विभागप्रमुखांना फोन लावला.

त्यांनी पलीकडे केबिनचं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाले, नर्सेसनाही शंका होती. वर्षानुवर्षं तुमच्यासोबत उभी राहणारी ती ऑपरेशन थिएटरमधली नर्स म्हणे हल्ली तुम्ही मागायच्या आत हत्यार तुमच्या हातात ठेवायची, पुढची पायरी हळूच बोलून दाखवायची. तुम्ही स्वतःहून थांबाल याची सगळे वाट बघत होते. मी विचारलं, कुणाला काही इजा झाली का? आमच्या माहितीत तरी नाही, असं ते म्हणाले. त्या 'माहितीत तरी' नं मला आजपर्यंत सोडलेलं नाही. मी गप्प राहिले त्या ऑपरेशनच्या चार दिवसांत टेबलावर कोण कोण होतं, ते मी कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तुम्हाला बोलावलं. दुपारी तुम्ही घरी आलात तेव्हा पांढरा कोट हातावर होता. तपासण्या झाल्या, आजाराला नाव मिळालं, आणि तुमचं ऑपरेशन करणं संपलं. कुणीतरी तक्रार केली, एवढंच तुम्हाला सांगण्यात आलं होतं. तुम्ही ठरवून टाकलंत की हे त्या नर्सचं काम. नोव्हेंबरात ती भोपळ्याचा ब्रेड घेऊन दारात आली. तुम्ही जिन्यावरून मला म्हणालात, "सांग तिला, मी झोपलोय." मी सांगितलं. तिनं जिन्यावरची तुमची पावलं पाहिली, ब्रेड माझ्या हातात दिला आणि म्हणाली, त्यांना सांग मला त्यांची आठवण येते. मी तो निरोप दिला नाही. ती पुन्हा आली नाही.

त्यानंतर तुम्ही चार वर्षं होतात. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणूनच लिहिता येतंय. त्यातल्या शेवटच्या वर्षातली एक सकाळ आहे. मी तुमची नखं कापत होते आणि तुम्ही एकाएकी अगदी पूर्वीसारखं माझ्याकडे पाहून विचारलंत, "तिनं असं का केलं असेल गं? मी तिला कधी दुखावलं नव्हतं." मी म्हणाले, काय माहीत, बाबा. आणि पुढचं बोट हातात घेतलं.

तो फोन मी केला होता. बाबांना समजणार नाही म्हणून बोलले नाही, असं मी आईला सांगत आले आहे. पण त्या सकाळी तुम्हाला सगळं समजलं असतं, आणि मला त्याचीच भीती वाटली.