न वाळणारं टेबल

ती. साळूमावशी, उस्मानपुऱ्यातून बिभीषणचं तुझ्या पायांवर डोकं. गुडघे कसे आहेत? पाचोडच्या बाजाराला अजून पायीच जातेस का, की माझं ऐकून कुणाच्या गाडीवर बसतेस? फोन न करता पत्र धाडतोय म्हणून रागावू नको. तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि आमच्या घरातलं सगळं तुझ्या गल्लीभर होतं (मागच्या खेपेला माझ्या मूळव्याधीवर मला न ओळखणाऱ्या बायांनीसुद्धा उपाय कळवले). हे पत्र एकटीनंच वाच. आणि जमलं तर उजेडात वाच.

आमचं जेवणाचं सागवानी टेबल तू पाहिलेलं आहेस. खिडकीकडच्या खुर्चीवर आई बसायची. दोन्ही कोपरं टेबलावर, हनुवटी तळव्यात, आणि आम्ही जेवताना नुसती बघत राहायची. तिचं वर्षश्राद्ध उरकलं तेव्हा मला वाटलं, टेबल आता नवंकोरं करावं. (सुकेशनीचं म्हणणं, मला स्वतःहून काही वाटत नसतं, मोबाईलला वाटतं आणि मग मला वाटतं.) मोबाईलवर एक गृहस्थ लाकडावर इपॉक्सी ओतत होते. दोन डबे असतात, एकात राळेसारखा दाट रस, दुसऱ्यात तो रस घट्ट करणारं औषध. दोन्ही मापात मिसळून ओतलं की लाकूड काचेखाली गेल्यासारखं दिसतं. मी कंपनीत माल तपासणारा माणूस. दुसऱ्यांच्या चुका काढून पगार घेतो. घरी मात्र मला तपासायला कुणी नव्हतं.

ओतलं. त्यात कूलरमधल्या वाळ्याच्या काड्या उडून पडल्या, बुडबुडे आले, एक माशी पंख पसरून कायमची मुक्कामाला आली. तेही चाललं असतं. पण दुसऱ्या दिवशी सगळं टेबल दगडासारखं कडक झालं आणि खिडकीकडच्या टोकाला पुरीएवढ्या दोन जागा ओल्याच राहिल्या. गुळाच्या पाकासारख्या. मला वाटलं, मिश्रण चुकलं. तेवढंच खरवडून पुन्हा भरलं. पुन्हा ओलं. मग औषधाच्या दुकानातून सुया नसलेल्या पिचकाऱ्या आणून थेंब थेंब मोजून भरलं. बाकी कडा वाळल्या, त्या दोन जागा नाही. वर ठेवलेला पेपर चिकटला तो राशिभविष्याच्या पानासकट (माझी रास तेवढी फाटून निघाली).

एका दुपारी सुकेशनी मेथी निवडायला त्या खुर्चीवर बसली. बसल्या बसल्या तिनं हात पुढे टेकले आणि एकदम उठून उभी राहिली. म्हणाली, "अहो, कोपरं बरोब्बर त्याच जागी येतायत." मी हसलो. ती हसली नाही. संध्याकाळच्या आत तिनं बॅग भरली आणि गंगापूरला माहेरी गेली. जाताना म्हणाली, "हे सगळं खरवडून काढा. तवर मी काय येत नाय."

म्हणून सांडूला बोलावलं. सांडू म्हणजे माझा शाळेतला दोस्त, आता फर्निचरचं पॉलिश करतो. त्यानं बोट लावून पाहिलं आणि म्हणाला, "तेल हाय रे खाली. तुझी आई डोक्याला तेल लावायची, तेच हात टेकायची. लाकूड तेल पिलं की हे धरत नाय." मावशी, मला इतकं हलकं वाटलं की मी त्याला लागोपाठ दोनदा चहा पाजला.

गरम हवेचं मशीन फिरवत आम्ही काठाकडून सुरुवात केली. तापलं की ते मऊ पडतं, मग पत्र्यानं उचलायचं. माशी गेली, काड्या गेल्या, साल निघावी तसे तुकडे निघत होते. खिडकीकडच्या टोकाला पोचलो तेव्हा भर दुपार होती, खाली भंगारवाला ओरडत होता, म्हणजे भ्यायला जागा नव्हती. तिथं गरम हवा लागली आणि वास आला. इपॉक्सीचा नाही, तेलाचाही नाही. आई दातांना लावायला भाजायची त्या मिश्रीचा. सांडूनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानं पत्रा खाली सारला, दोन ओल्या जागांपैकी एकीची चकती उचलली, आणि टेबल करकरलं. दोन्ही कोपरांवर भार देऊन कुणी उठावं, तसं. सांडू म्हणाला, "लाकूड हाय, तापल्यावर वाजतंच." हे तो दरवाजातून म्हणाला. मशीन अजून माझ्याकडेच आहे.

मी एकट्यानं ती चकती खिडकीशी धरली. वरच्या अंगाला, मऊ होती तिथं, पीळ उमटलेला होता. चांदीच्या कड्याचा पीळ. मावशी, तसली दोनच कडी, आजीनं तुम्हा दोघी बहिणींना दिलेली. आईचं आम्ही तिच्याबरोबरच दिलं. दुसरं तुझ्या हातात आहे. आणि शेवटचं भरल्यावर तू एकदा येऊन गेली होतीस, उभ्याउभ्या चहा घेऊन गाडीला पळालीस. तेव्हा, मी आत पाणी आणायला गेलो असताना, तू टेकली होतीस का? एवढंच विचारायला हे सगळं पुराण.

टेबल आता उघडं, खरखरीत आहे. त्यावर पुन्हा काही ओतायचं धाडस नाही. तब्येतीला जप.

तुझा,
बिभीषण

ता.क. सुकेशनीला मी सांगून टाकलंय की ते तुझंच कडं. ती म्हणते, मावशींच्या अक्षरात लिहून आलं तरच परत येईन. म्हणून टेकली नसलीस तरी टेकले होते असंच लिही, आणि पत्र सरळ गंगापूरला, तिच्या नावानं टाक.

आणखी एक. तू खरंच टेकली असशील, तर तेवढं मला मात्र कळवू नकोस.