झिलईच्या बरण्या

१९ मे १९४६, रविवार

साखर शून्य. आम्ल बेताचं. गाळ खाली बसलेला, रंग गडद. तरी मागाहून जिभेवर गोडसर लागते! कारण कळत नाही.

दादाने यंदा मळ्यातल्या काळ्या द्राक्षांची वाईन केली. लढाईवर असताना इटलीतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे शिकला. त्याला लाकडी पिंप हवं होतं. मी नको म्हणाले. लाकडाची चव उतरते, द्राक्षाची राहत नाही. त्यापेक्षा बिराप्पा कुंभाराच्या आतून झिलई दिलेल्या बरण्या घे. चार घेतल्या. पहिली उघडून तीन आठवडे झाले. दादा रोज पेलाभर घेतो.

राहीवहिनी म्हणते, "वन्सं, तुमच्या भावानं इटलीची सवत आणलीया, बरणीत घालून!"

उरलेल्या तीन बरण्या पलटणीतल्या सोबत्यांसाठी. शिरवळ-खंडाळ्याचे सहाजण ९ जूनला येणार आहेत.

१ जून, शनिवार

दादाचं पोट आठ दिवस पिळवटतंय. उजवा हात मनगटातून लुळा पडतो. वेल छाटायची कात्री धरवत नाही.

"गोळी लागल्याला हात हाय त्यो, अंजे. कुरकुरायचाच."

बोलताना हसला. हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ दिसली. अशा रेघेबद्दल मी पुस्तकात वाचलं आहे. बोलले नाही. खात्री नव्हती— असं स्वतःला सांगितलं.

पहिली बरणी संपली आहे. उद्या कामावर परतताना ती साताऱ्याला नेते. वहिनीला सांगितलं, लोणचं घालायचंय.

४ जून, मंगळवार

बरणीत कालपासून व्हिनेगर भरून ठेवलं होतं. आज प्रयोगशाळेत त्यातून सडक्या अंड्यांच्या वासाचा तो वायू सोडला. काळं झालं. पुन्हा केलं. पुन्हा काळं.

झिलईत शिसं आहे.

कुंभार झिलईला शिसं वापरतात, हे मला माहीत होतं. आंबट रसात शिसं उतरतं, हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. सांगलीच्या कॉलेजात चार वर्षं काय केलं मी? ती गोडीसुद्धा शिशाचीच असणार, हिरड्यांवरची रेघही. तेव्हाच शोधायला हवं होतं.

दादाला कार्ड टाकलं— "पोट बरं होईपर्यंत वाईन अजिबात घेऊ नकोस. त्या बरण्यांतली तर थेंबभरही नको. शनिवारी येते." कारण लिहिलं नाही. पाहुण्यांना देऊ नकोस, हेही नाही. कार्डावर जागा होती.

५ जून

आजही लिहिता आलं असतं.

८ जून, शनिवार

मोटारीतून उतरले तर समोर बिराप्पा.

"ताई, म्या सांगितलं हुतं दादास्नी. ह्या बरण्या दाण्याला चालत्यात, आंबटाला न्हाईत. तर मलाच म्हणालं, 'माजी बहीण बी.एस्सी. हाय, तू गप रं.' परवा तुमचं कार्ड घिऊन आलं. म्हणालं, 'बिराप्पा, तुजंच खरं निघालं. पर कुणाला बोलू नगंस. अंजीला तर मुळीच न्हाई.'" मग जीभ चावली. "आता बोललोच की वो मी!"

मळ्यात पोचले. तिन्ही बरण्या उपड्या. बांधापलीकडची माती ओली, तांबडी. दादा म्हणाला, "आंबली गं. वतून दिली."

आंबली नव्हती. "असं होय?" म्हणाले.

सोमवारी त्याला साताऱ्याच्या डॉक्टरांकडे न्यायचं आहे. तिथे शिसं हा शब्द मलाच उच्चारावा लागेल. आज रात्री जेवताना सांगायचं ठरवलं. जेवण झालं. सांगितलं नाही.

९ जून, रविवार

सहाहीजण आले. हंबीरराव ओसरीवरूनच ओरडले, "नाथाजी, कुठं हाय रं तुजी इटली?"

दादाने चहाची बशी डाव्या हाताने उचलली. "आंबली समदी, माजाच गाढवपणा गड्या! अंजी परोपरीनं सांगत हुती, लाकडाचं पिंप घे, लाकडाचं पिंप घे. म्याच ऐकलं न्हाई."

सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी चहा ओतत राहिले.