वरची विहीर

११ एप्रिल २०२०, टूवूंबा

मार्सेलिना आज राहायला आली. दोन बॅगा आणि एक राइस कुकर. बस.

तिच्या शेअर हाउसमधल्या तिघी शेवटच्या विमानांनी आपापल्या देशांत गेल्या, ही राहिली. ती युनिव्हर्सिटीत मास्टर्सला, मी तिथल्याच सॉइल लॅबमध्ये टेक्निशियन. ओळख तेवढीच — मातीचे नमुने आणि गुड मॉर्निंग. पण युनी बंद झाली त्या दिवशी ती बाहेरच्या बाकावर एकटी बसलेली दिसली. तोंडातून निघून गेलं, आमच्याकडे एक खोली रिकामी आहे. नवरा, शिरीष, खाणीच्या कामावर पर्थकडे, आणि तिकडची बॉर्डर बंद. कधी येईल देव जाणे.

चिन्मयीने तोंड वाकडं केलं. "मॉम, यू कुड हॅव आस्क्ड मी." पंधरा वर्षांची आहे. होईल सवय.

१९ एप्रिल

सवय झाली. मला वाटलं त्याच्या आधीच.

भाषेची गंमत चाललीय घरात. नवऱ्याला सुआमी, जमिनीला बूमी. तिच्याकडे मोठ्या बहिणीला काका म्हणतात आणि आईला मामा. म्हणजे मी आता काका! शिरीष फोनवर खोखो हसला. एखादी गोष्ट नसली, संपली की 'तिदाक आदा'. दूध तिदाक आदा, कांदे तिदाक आदा. चिन्मयीने लगेच उचललं — "होमवर्क तिदाक आदा, आई."

३ मे

रविवारी चारला तिच्या वडिलांचा फोन येतो. गावात रेंज नाही. चर्चमागच्या टेकडीवर एका खडकापाशी दोन काड्या मिळतात. बापा दर रविवारी अर्धा तास चढून तिथे जातात. मामाचे गुडघे दुखतात, ती महिन्यातून एकदाच.

गावाचं नाव वाइलेरा. इंडोनेशियाच्या पार पूर्वेला एक एवढंसं बेट, त्यावर हे एकच गाव. त्रेपन्न घरं. मोठ्या बेटावर जायला बोटीने दोन तास. बोट आठवड्यातून दोनदा यायची, कोविडमुळे आता पंधरवड्यातून एकदा. शाळा सहावीपर्यंत. दवाखाना नाही, एक सुईण आहे. बायका समुद्रात दोऱ्यांना शेवाळ बांधून वाढवतात, वाळवतात, व्यापारी घेऊन जातो. सध्या व्यापारी येत नाही. प्रत्येक घरात वाळलेलं शेवाळ छपरापर्यंत रचलंय म्हणे, माणसं त्याच्या कडेने झोपतात.

विहिरी दोन. खालची पाच वर्षांपूर्वी खारी झाली, समुद्र जमिनीखालून आत सरकतोय. वरची गोड आहे, सगळं गाव तिच्यावर. खालची पुन्हा गोड करता येईल का, हे शिकायला मार्सेलिना इथे आली. गावातून परदेशी शिकायला गेलेली ती पहिलीच.

"तरुण मुलं किती राहिलीत गावात?" मी विचारलं.

तिने बोटांवर मोजली. सात. बाकीची मलेशियात, पाम तेलाच्या मळ्यांवर.

२६ जुलै

सकाळभर धुकं. समोरच्या घराचं पत्र्याचं छप्परसुद्धा दिसत नव्हतं. तिघी रजई घेऊन सोफ्यावर.

चिन्मयीने विचारलं, तुमचं गाव समुद्रात जाणार असेल तर तुम्ही मूव्ह का नाही होत? मी तिच्यावर डोळे वटारले, पण मार्सेलिनाला राग आला नाही. म्हणाली, सरकारने विचारलं होतं. दोन वर्षांपूर्वी मोठ्या बेटावरून साहेब आले. तिकडे डोंगरावर जागा देतो, रस्ता आहे, वीज आहे, बारावीपर्यंत शाळा आहे. ज्यांना यायचंय त्यांनी हात वर करा.

"मग?"

"कोणी केला नाही. माझी आई उठली. म्हणाली, पाच मुलं मी इथे जन्माला घातली, त्यातली दोन इथेच पुरली. त्यांना कोण हलवणार ते आधी सांगा."

साहेब चहा पिऊन परत गेले.

मला मामाचं पटलं नाही. गावातल्या पोरांना बारावी मिळाली असती, हे मनात आलंच.

१७ ऑगस्ट

लॅब उघडली. मास्क, दीड मीटर, एका वेळी चारच जणं. मार्सेलिना सगळ्यांच्या आधी हजर, सगळ्यांच्या नंतर बाहेर. घरी येताना गाडीत एक शब्द बोलत नाही. दमते बिचारी.

८ नोव्हेंबर

तिच्या प्रोफेसरांनी तिला पीएचडीसाठी अर्ज करायला सांगितलंय. पूर्ण स्कॉलरशिप, साडेतीन वर्षं. ती म्हणते, "बघू. गावात माझी वाट बघतायत."

मी म्हटलं, कशासाठी वाट बघतायत? तिथे आहे काय? सात पोरं आणि एक विहीर. तू इथे राहिलीस तर तुझ्या भावाला आणशील, उद्या गावासाठी काहीतरी मोठं करशील.

जरा जास्तच बोलले. पण खरं ते खरं. मी पुण्यात पीएचडी दीड वर्षात सोडली. लग्न, व्हिसा, मग चिन्मयी. आता दुसऱ्यांच्या पीएचड्यांच्या काचनळ्या धुते. तक्रार नाही. पण मार्सेलिनाने धुवू नयेत.

१५ नोव्हेंबर

अर्ज भरला तिने. चकल्या केल्या होत्या दिवाळीच्या, निम्म्या तिनेच संपवल्या.

२४ मार्च २०२१

इंटरव्ह्यू ठरला. ८ एप्रिल, सकाळी दहा, ऑनलाइन. चिन्मयी तिला रोज प्रश्न विचारते आणि प्रोफेसरांसारखा चष्मा नाकावर आणून बसते.

५ एप्रिल

काल ईस्टर. मार्सेलिना चर्चला जाऊन आली, चारला फोनपाशी बसली. फोन आला नाही. आज सकाळी बातम्यांत कळलं — चक्रीवादळ, तिच्याच भागात. पूर, दरडी. बेटांची नावं सांगतायत, तिच्या बेटाचं नाव नाही. एवढ्याशा बेटाचं नाव कोण घेणार?

ती फोन हातात धरून अंगणात उभी आहे. दोनदा चहा नेऊन दिला. दोन्ही कप तसेच.

७ एप्रिल

यानचा फोन आला — तिचा धाकटा भाऊ. टेकडीवरून पाण्याचा लोंढा आला, चौदा घरं गेली. स्वयंपाकघराची भिंत मामाच्या अंगावर पडली. बोटीने मोठ्या बेटावरच्या दवाखान्यात आणलंय. बोलतेय, पेज प्यायली. बापा गावात, तिथे रेंज पोचवणारा टॉवर पडलाय, त्यांच्याशी बोलणं होणार नाही.

मी विचारलं, इंटरव्ह्यू पुढे ढकलायचा का? नको म्हणाली, मामाने देच म्हणून सांगितलंय. मग म्हणाली, "उद्या माझा फोन बंद असेल. यानला तुझा नंबर दिलाय. काही असलं तर दार वाजव, काका."

म्हटलं, वाजवीन.

८ एप्रिल

आज लिहिता येत नाही.

९ एप्रिल

लिहायलाच हवं.

काल दहा वाजून दहा मिनिटांनी फोन आला. मागे बोटीच्या इंजिनाचा आवाज, कोणीतरी रडत होतं. यानला इंग्रजी थोडंच येतं. "काका सुमेधा? मामा तिदाक आदा." मग, "बोट नाइन ओ'क्लॉक. प्लीज. सिस्टर टॉक."

मला सगळं कळलं. कळलं नाही असं म्हणायला जागाच नव्हती.

त्यांचे नऊ म्हणजे आमचे अकरा. मी "वन मिनिट" म्हटलं आणि तिच्या दारापाशी गेले. आतून तिचा आवाज येत होता. पावसाचं पाणी खालच्या विहिरीत कसं मुरवायचं ते सांगत होती. शांत, स्वच्छ आवाज. घरात एवढ्या ठामपणे बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. हात उचलला. खाली घेतला.

यानला म्हटलं, एका तासाने कर. तो म्हणाला, "नो वन आवर. बोट." लाइन तुटली. पुन्हा दोनदा वाजला. मी सायलेंट केला.

मामा आता गेलीच आहे, मला वाटलं. तासाभराने काय बदलणार? निदान हे तरी हातचं जाऊ नये. अगदी याच शब्दांत वाटलं. ते इथे लिहून ठेवते.

अकरा वीसला ती बाहेर आली, हसत. मी सांगितलं. ती उभीच राहिली. मग विचारलं,

"फोन किती वाजता आला?"

"दहा दहाला."

तिने ओव्हनवरच्या घड्याळाकडे बघितलं. "बोट गेली," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी चिन्मयीकडून कळलं. त्यांच्या घरात शवपेटी बंद करायच्या आधी प्रत्येक मूल आईच्या कानात आपलं नाव सांगतं, म्हणजे सगळी आली हे तिला कळतं. यान फोन मामाच्या कानाला लावणार होता. बोटीवर चढायच्या आत, कारण बेटावर रेंज नाही.

१० एप्रिल

चिन्मयी माझ्याशी बोलत नाही. मार्सेलिना बोलते — मीठ दे, थँक यू, गुड नाइट. हे जास्त अवघड आहे.

१३ एप्रिल

शिरीषला सगळं सांगितलं. वाटलं होतं म्हणेल, तुझा हेतू चांगला होता. तो म्हणाला, "सुमेधा, ती तुला दार वाजव म्हणाली होती. विचार कर म्हणाली नव्हती."

३० एप्रिल

स्कॉलरशिप मिळाली तिला. ईमेल तिने मला दाखवला, मग माझ्यासमोरच उत्तर लिहिलं — आभारी आहे, स्वीकारू शकणार नाही.

काही बोलायचा हक्क मी ८ तारखेलाच घालवला.

१६ मे

परवाचं विमान. जकार्तात पाच दिवस क्वारंटाइन, मग कुपांग, मग बोटी. चिन्मयीने तिच्या बॅगेत स्वतःची दोन जॅकेट कोंबली. तिथे कुठे लागणार जॅकेट? पण मार्सेलिनाने काढली नाहीत.

१८ मे

ब्रिस्बेनला सोडून आले. दीड तासाचा ड्राइव्ह. डोंगर उतरल्यावर तीच म्हणाली,

"काका, यान काय म्हणत होता ते तुला कळलं होतं?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

तिने मान हलवली. "मला वाटलं होतं, कळलं नाही म्हणशील. तसं म्हणाली असतीस तर मी पुन्हा कधी फोन केला नसता."

आत जाताना मिठी मारली. आधी चिन्मयीला. मग, थोडं थांबून, मला.

११ जुलै

टॉवर पुन्हा उभा राहिला. फोटो आला — ताडपत्रीखाली शाळा, समोर मार्सेलिना, बावीस मुलं. तिकडे कोविड खूप वाढलाय. गावात अजून नाही म्हणते. बोटच येत नाही, तर कोविड कसा येणार?

बापा पुन्हा दर रविवारी टेकडी चढतात. आता फोन करायला नाही. मामाला तिथेच पुरलंय.

१९ सप्टेंबर

सरकारी साहेब पुन्हा गावात आले होते. तीच जागा, तोच डोंगर, तोच प्रश्न. सभा नोव्हेंबरात. चिन्मयी म्हणते, मार्सेलिना गावाला हलू देणार नाही, त्याचसाठी तर ती गेली. मलाही तसंच वाटतं. अभिमान वाटतो आणि भीतीही.

२१ नोव्हेंबर

मार्सेलिनाचा मेसेज. मराठीत उतरवून ठेवते, म्हणजे नीट कळेल.

"काका, काल सभा झाली. गाव हलवायचं ठरलं. पहिला हात मी वर केला. वरची विहीरही खारी होतेय. हे मला गेल्या वर्षी आपल्या लॅबमध्येच कळलं होतं, गावाहून आणलेल्या पाण्याच्या नमुन्यांवरून. घरी सांगितलं नाही. मामा तिथून हलणार नाही हे माहीत होतं, आणि तिला हे ऐकवायचं धाडस माझ्यात नव्हतं. तेव्हाच बोलले असते तर वादळाच्या आधी सगळे डोंगरावर असते. तीही असती. हे बापाला माहीत नाही. फक्त तुला सांगतेय."

'तुझा दोष नाही' असं लिहिलं. पुसलं. फोन लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला.