ट्रान्सफॉर्मर मेल्याची खबर आणि गार कॉफी

प्रिय लोवेलकाका,

तुमचा गुडघा आता वळतो ना आणि डोरिसकाकूंच्या भोपळ्यांना या वर्षी तरी कीड लागली नाही ना, हे आदराने विचारून मी सरळ तक्रारीवर येतो.

आजोबांचा, तबकडीचा आवाज वाढवणारा व्हॉल्व्हचा प्रीअँप मला देताना तुम्ही म्हणाला होतात, "आर्लन, याचा ट्रान्सफॉर्मर तुझ्या नातवंडांना पुरेल." काका, तो मला शनिवारपर्यंतसुद्धा पुरला नाही. थँक्सगिव्हिंगच्या जेवणानंतर आजोबांच्या आवडीची तबकडी याच यंत्रावर ऐकायची, असे आजीने गावभर सांगून ठेवले आहे. आणि हा ट्रान्सफॉर्मर करणारा कारखाना केव्हाच बंद पडला, त्यामुळे दुसरा मिळायचा नाही.

मी तपासणीत काही कसर ठेवली असे म्हणू नका. चर्चच्या तळघरात आमच्या रेडिओ मंडळापुढे मी त्याचे काचेचे सगळे व्हॉल्व्ह काढून ओळीने रुमालावर ठेवले. मग विजेच्या वाटेत आधी चाळीस वॅटचा बल्ब आणि त्याच्यामागे यंत्र, अशी रीतसर जोडणी केली. ट्रान्सफॉर्मर धडधाकट असेल तर बल्ब जेमतेम लाल होतो. आत जळला असेल तर लख्ख पेटतो. (बल्ब पेटला की सगळे जग खूश होते, आम्ही मात्र सुतकी चेहरा करतो.) मी बटण दाबले. बल्ब इतका लख्ख पेटला की मागच्या रांगेतल्यांनी डोळे चोळले.

मग आमच्या मंडळाच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने, ताप बघावा तसा, ट्रान्सफॉर्मरवर तळहात ठेवला. आमचे अध्यक्ष व्हर्लिन यॉडर म्हणाले, "बाळा, हा तापत कसा नाही? जळका वासही नाही." मी त्यांना सांगितले की बल्ब खोटे बोलत नाही. त्यावर मागून कोणीतरी म्हणाले, "मग पाद्रीबाबांना बोलवा, दोन शब्द बोलतील."

या हशात मन शांत करायला निदान गरम कॉफी तरी मिळावी? स्वयंपाकघराच्या ग्लेनाबाईंनी मला न विचारता आपले भलेमोठे विजेचे कॉफीपात्र माझ्याच टेबलावर, माझ्याच यंत्राच्या पाठीशी आणून ठेवले होते. आणि सभा संपत आली तरी कॉफी गारच. विचारले तर म्हणतात, "होतेय रे, जरा दम धर." मी चर्चच्या समितीला लेखी तक्रार दिली आहे.

शेवटी संतापाच्या भरात मी तो प्रीअँप सुट्या भागांसाठी व्हर्लिनना देऊन टाकला. हातातला भोपळ्याचा केक अर्धा टाकून ते तो घेऊन निघाले. त्यांनाही फार वाईट वाटले असावे. काका, मेलेले यंत्र पुतण्याच्या गळ्यात बांधणे तुम्हाला शोभले नाही.

तुमचा फसवला गेलेला पुतण्या,
आर्लन

ता. क. – माझी तक्रार हातात घेऊन ग्लेनाबाई आत्ताच येऊन गेल्या. म्हणाल्या, "स्वयंपाकघरात सगळे प्लग स्ट्यूच्या विजेच्या भांड्यांनी अडवलेले, म्हणून तुझ्या डब्याच्या पाठीलाच लावलं मी कॉफीचं भांडं. तुझ्या डब्यातनं वीज येईना, त्याला मी काय करू?" (तबकडीच्या यंत्रासाठी प्रीअँपच्या मागे एक सॉकेट असते. मी मागे पाहिले नाही, कारण मध्ये कॉफीपात्र होते.) म्हणजे बल्बमधून जाणारी वीज कॉफीपात्र ओढत होते आणि बल्ब पेटत होता तो कॉफीपायी. ट्रान्सफॉर्मर बहुधा ठणठणीत आहे.

आणखी एक. व्हर्लिन हरणाच्या शिकारीवरून शुक्रवारी परततील, त्याआधी पत्र तुम्हाला पोचेल. तुम्ही त्यांचे शेजारी. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी जाऊन प्रीअँप परत मागा. आजीचे नाव घ्या. रविवारच्या शाळेत ती त्यांची बाई होती, तिला ते अजून घाबरतात. कॉफीचा विषय मात्र काढू नका. मी स्वतःच गेलो असतो, पण तोच विषय त्यांनी काढला तर?

आणि तुमच्याविषयी वर जे लिहिले आहे ते वाचू नका. पत्र नव्याने लिहिणार होतो, पण एकही खाडाखोड नसलेले पत्र फाडायला हात धजेना.