पाच पायांचा बैल

निलंगा, सोमवार

तीर्थरूप शेषेरावमामांना ऋतुजाचा वाकून नमस्कार. (लांबूनच वाकते आहे, कारण पुढं ऐकल्यावर तुमचा हात वेताकडं जाईल.) डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? नांदेडला करमतंय का? पत्र उज्वलाताई वाचून दाखवेलच. (ताई, कंसातलं मनात वाच.)

येत्या रविवारी लातूरला माझ्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन आहे. संयोजक रामलिंग सरांनी एक कागद मागितला, त्यात माझी जडणघडण, माझ्यावरचे प्रभाव आणि माझी शैली लिहायची होती. मी खरं तेच लिहिलं. जिलानी चाचांच्या हाताखाली आठ वर्षं दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवल्या, ही जडणघडण. प्रभाव हदगावच्या तुमच्या गोठ्यातल्या माश्यांचा. आणि शैली म्हणजे पाच पायांची जनावरं. सर कागद घेऊन तडक घरी आले. एखाद्या परदेशी चित्रकाराचं नाव घाला म्हणाले, माश्या काढा आणि तो पाट्यावाला तर काढाच.

मामा, माश्या कशा काढू? बारा वर्षांची असताना तुमच्या ट्रॉलीचा उरलेला लाल रंग घेऊन मी गोठ्याच्या दारावर राज्या बैल काढत होते, आणि माश्यांमुळं तो पाय झटकायचा थांबेना. मी टेकलेला पाय काढला आणि झटकलेलाही काढला. तुम्ही वेत घेऊन मला विहिरीपर्यंत पळवलंत. आईनं मग पोरीच्या हाताला वळण लागावं म्हणून चाचांकडं धाडलं. तिथंही मी तसाच बैल काढला, तेव्हा त्यांनी विचारलं, "पाँचवा पाँव कायकू?" मी माश्यांचं सांगितलं. म्हणाले, "फिर बराबर है." तोवर माझं बरोबर आहे असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

चाचांची विद्या सरांना पटावी म्हणून मी त्यांना पाटीवर रेघ मारून दाखवायला गेले. दोऱ्याला नीळ लावायची, टोकं ताणून धरायची आणि मधे ओढून सोडायचं. एक टोक सरांकडं दिलं. ते धरून सर इतके पुढं वाकले की रेघ त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उठली. (अगदी सरळ उठली, हे त्यांनीही नाकारलं नाही.) शेवटी मी गोठ्याच्या दारावरच्या बैलाची हकीकत सांगितली, तर रागानं म्हणाले, तो पहिला बैल रविवारी मांडून दाखवा, नाहीतर कागद बदला. मी सांगितलं, बैल येईल. प्रदर्शन गेलं तरी चालेल, चाचांचं नाव मी खोडणार नाही.

तेव्हा ते दार आठ दिवसांसाठी द्यावं, एवढीच विनंती.

तुमची भाची,
ऋतुजा

ता. क. तुमचा होकार यायला उशीर होईल म्हणून दार परवाच आणलं. बिजागऱ्या मामींनी स्वतः काढल्या. गोठ्याला सध्या त्यांचं जुनं लुगडं बांधलं आहे.

आणखी एक. (ताई, हे मोठ्यानं वाच.) दार पुसताना बघितलं, तर बैलाच्या शिंगांवर रंगाचे थरावर थर. मामींना विचारलं. म्हणाल्या, "राज्या गेला तवापासून तुझे मामा दरसाल पोळ्याला याचीबी शिंगं रंगवतेत. कुणाला सांगू नको." पाचवा पाय मात्र तुम्ही कधी खोडला नाहीत. पोळ्याच्या आत दार परत आणीन. कागद मी बदललाय. प्रभावात आता तुमचं नाव आहे, माश्यांच्या वर.