ब्रेक अजून ठरत नाहीत

६ जानेवारी, सोमवार

झालं! ब्रेकचं काम माझ्या गळ्यात पडलं. मीच पाडून घेतलं म्हणा.

काल संध्याकाळी आमची लेक प्रतिक्षा टेकडीवरून आली ती सायकल हातात धरून. उतारावर ब्रेक इतके तापले की लिव्हर पार हँडलला टेकली, तरी सायकल थांबेना. शेवटी पाय घासत थांबली. तिचे बूट बघितले — डाव्याचा तळवा निम्मा गायब! पुढचं काही ऐकूनच घेतलं नाही. म्हटलं, नवे ब्रेक बसल्याशिवाय त्या टेकडीवरून सायकलवर उतरायचं नाही, घे माझी शपथ. पोरीनं घेतली. आणि लगेच म्हणाली, "मग तूच घेऊन दे की. पेरू चांगला गेलाय यंदा! आणि निवडायचे पण तूच. म्हणजे तुला भ्या वाटायला नको."

९ फेब्रुवारीला साताऱ्याकडं घाटात शर्यत आहे. डोंगराच्या माथ्यावरून सुटायचं आणि खाली यायचं, एवढीच शर्यत! नाव द्यायची शेवटची तारीख २५ जानेवारी. ब्रेक बसले नाहीत तर नाव नाही.

मला काही घाई नाही. हे फक्त इथं लिहिते.

९ जानेवारी, गुरुवार

दुपारची पडी सोडून मोबाईलवर ब्रेकच बघत बसले. मला वाटायचं डिस्क ब्रेक म्हणजे डिस्क ब्रेक. छे! दोन पिस्टनचे वेगळे, चार पिस्टनचे वेगळे. चार असले की चकती दोन्ही बाजूंनी जास्त घट्ट धरतात. चकत्या लहान, मोठ्या, त्याहून मोठ्या. मोठी चकती लवकर तापत नाही. त्यात तेलाचे दोन प्रकार, आणि एकाचं दुसऱ्यात घातलं की आतली रबरं फुगून ब्रेक कामातून गेला.

खरं सांगायचं तर मजा येतेय. आणि जितकं वाचावं तितकं वाचायचं शिल्लक राहतं, हे फार बरं आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. जेवताना ब्रेकचाच विषय. हे ऊस खाली करून माळेगावहून सकाळी आले होते, डोळे लाल. म्हणाले, "ट्रॉलीला कुठं ब्रेक असतोय? दोन-दोन ट्रॉल्या वडून नेतोय मी कारखान्यावर. गेली का कदी पलटी?"

मी म्हटलं, दोन वर्षांमागं पाण्याच्या चारीत कोणाची ट्रॉली आडवी झाली होती? तर पोळीवर तूप वाढून घेतलं.

सासूबाई — ह्या कुशाबाईंचं तोंड एकदा सुटलं की सुटलं — म्हणाल्या, "खालीच यायचं हाय तर पोरगी वर कशाला जाती?"

प्रतिक्षा हसून हसून तिळगुळात ठसकली. मीही हसले. पण मनातून वाटलं, बरोबरच आहे की म्हातारीचं.

१७ जानेवारी, शुक्रवार

बारामतीला मानसिंगच्या सायकल दुकानात गेले. असले ब्रेक तो पुण्याहून मागवतो. भला माणूस. साडीच्या दुकानात बायका सगळे गठ्ठे सोडायला लावतात तसं मी त्याला आज केलं. हा जड नाही का? ह्याची पॅड धातूची का साधी? धुळीत कसा चालतो? आपल्याकडच्या उन्हाळ्यात? मागं लहान चकती चालेल का? का दोन्हीकडं मोठीच बरी?

शेवटी म्हणाला, "वहिनी, बारामतीत सायकलच्या ब्रेकला एवढं प्रश्न आजवर कुणी इचारलं न्हाईत. घ्या ओ आता एक!"

म्हटलं, विचार करून सांगते. आणि रिकाम्या हातानं परत आले. येताना स्कूटीवर गाणं गुणगुणत होते, हे भवानीनगरच्या पुढं लक्षात आलं. लाज वाटली थोडी. थोडीच.

१९ जानेवारी, रविवार

प्रतिक्षा: "ठरलं का गं आई?"

मी: "मागच्या चकतीचं अजून ठरत नाही."

२० जानेवारी, सोमवार

आज तिनं विचारलंच नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

आजही नाही. कॉलेजातून आली, जेवली, सायकल पुसली. साखळीला तेल घातलं. जागची हलायची नाही ती सायकल, तरी नवरीसारखी सजवून ठेवली!

मला वाटलं होतं चार दिवस रुसेल, मग विसरेल. तिचं रुसणं परवडलं असतं. हे गप्प राहणं नाही सोसत. पण चारच दिवस उरलेत. २५ तारीख गेली की दुसऱ्या दिवशी सगळ्यात चांगले ब्रेक आणून देईन. मग वर्षभर शर्यत नाही. वर्षभरात काय काय बदलतं!

२२ जानेवारी, बुधवार

भांडी तशीच टाकून लिहायला बसले.

टेकडीवर शेळ्या चारणारी धोंडाबाई दुपारी मुद्दाम घरी आली. पाणीसुद्धा न पिता सांगायला लागली, "मालाबाई, तुझी पोरगी काल टेकडीवरनं आली गं सायकलवर! पाय घासत, धुरळा उडवत. माझी शेरडं उधळली. ब्रेक न्हाईत व्हय गं त्या सायकलला?"

म्हणजे काल मी बागेत होते तेवढ्यात शपथ मोडली! आणि मोडायला लावली कोणी? मी. उतरू नये म्हणून मी ब्रेक लांबवत बसले, आणि ती उतरली ती ब्रेक नसलेल्या सायकलवर. अशी अक्कल कुठं मिळते?

संध्याकाळी तिला विचारलं, "काल टेकडीवर गेली होतीस?" नुसती "हं" म्हणाली आणि पायाकडं बघत राहिली. मी नवीन बुटांचे तळवे उलटून बघितले. धड होते. थोडक्यात निभावलं म्हणायचं.

रागावले नाही. कोणत्या तोंडानं रागावणार? तिच्यासमोरच मानसिंगला फोन लावला. चार पिस्टन. पुढं-मागं दोन्हीकडं मोठी चकती. धातूची पॅड. एका दमात सांगितलं. तो म्हणाला, "हे तर मी सतरा तारखेलाच सांगत हुतो!"

२४ जानेवारी, शुक्रवार

ब्रेक बसले! सकाळी सायकल पिकअपमध्ये टाकून बारामतीला नेली, मानसिंगनं माझ्यासमोर बसवले. प्रतिक्षानं कॉलेजातूनच शर्यतीला नाव दिलं.

आता जे झालं ते लिहू का नको? लिहिते. ती घरी यायच्या आत म्हटलं, आपण निवडलेत, आपणच आधी तपासावेत. डाळजला माहेरी शाळेत मी सायकलनंच जायची. कालव्याच्या भरावावर सायकल चढवली, आजूबाजूला कोणी नाही बघून बसले आणि उतारावर सोडली. काय वारा! पदर खोचलेला, केस उडतायत! खाली वळण आलं तसा स्कूटीला दाबते तसा डावा ब्रेक दाबला. हलकाच.

तर मागचं चाक वर आणि मी उसात.

चारीला पाणी सोडलेलं होतं म्हणून वाचले. नुसता चिखल. उठून बसले आणि एकटीच खो खो हसत सुटले. स्कूटीचा डावा म्हणजे मागचा ब्रेक. ह्या नव्या ब्रेकचा डावा म्हणजे पुढचा!

प्रतिक्षा आली, मला बघितलं, सायकलच्या हँडलात अडकलेलं उसाचं पाचट बघितलं. म्हणाली, "आई! तू?!" मग आम्ही दोघी हसलो. सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "आता ही बी?"

२५ जानेवारी, शनिवार

परत मानसिंगकडं. म्हणाला, खोक्यातून हे असेच येतात, बाहेरच्या देशात पुढचा डावीकडंच असतो. पण प्रतिक्षा रोज माझीच स्कूटी चालवते. तिचा हात अडीनडीला स्कूटीचीच सवय धरणार. म्हटलं, तेलाच्या नळ्यांची अदलाबदल कर, पुढचा उजवीकडं घे. त्यानं तेल काढून, नळ्या बदलून, परत तेल भरून दिलं. तोवर मी दुकानात बसून दोन चहा प्याले. एकही प्रश्न विचारला नाही, तर त्यालाच करमेना.

२ फेब्रुवारी, रविवार

टेकडीवर सराव. मी खाली उभी. आज डोळे उघडे ठेवले.

१० फेब्रुवारी, सोमवार

काल शर्यत झाली. आम्ही दोघी पहाटेच निघालो होतो. ह्यांना कारखान्यावर नंबर होता, पण चार वेळा फोन! "पोचली का खाली?"

मी सगळ्यात वाईट वळणावर जाऊन उभी राहिले. मोठाले दगड, मधे माणूसभर उंचीची उडी आणि लगेच उजवीकडं वळायचं. दोन पोरं माझ्यासमोर तिथं आडवी झाली. मग प्रतिक्षा आली. आधी ब्रेकचा आवाज आला, बारीक, खसकन. उडीच्या आधी एकदा दाबला, सोडला. हवेत असताना तिचं एकच बोट लिव्हरवर होतं, मला स्पष्ट दिसलं. टेकली, परत दाबला, वळली, गेली!

मुलींच्यात चौथी आली. चौथीला बक्षीस नसतं. मला कोण आनंद झाला होता! अनोळखी माणसांना सांगत सुटले, ते ब्रेक मी निवडलेत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

धोंडाबाईला पेढे द्यायला टेकडीवर गेले. तिनं वेळेवर सांगितलं म्हणून सगळं झालं, असं म्हटलं, तर ती पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"आता सांगाय हरकत न्हाय, मालाबाई. त्या दिशी पोरगी सायकलवर उतरलीच न्हाय. सायकल हातात धरून, माझ्या शेरडांच्या मागनं चालत आली. म्हणाली, मावशी, आईला एवढं खोटं सांग, न्हायतर ती जलमभर ब्रेकच निवडत बसंल."

शपथ मोडलीच नव्हती. मी काय करत होते ते सगळं तिला कळत होतं, आणि तरी ती चालत उतरली. आता कुठल्याही डोंगरावर जाऊ दे तिला.

पेढ्यांचा आख्खा पुडा तिथंच देऊन आले. घरी आल्यावर प्रतिक्षा विचारते, "पेढे कुठं गेले गं आई?"

म्हटलं, शेळ्यांनी खाल्ले.